सर्व्हर डाऊन : अस्मानी की सुलतानी?

जुलै महिना सरत आला, की हिंगोली जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचे डोळे दोन ठिकाणी लागलेले असतात. एक आभाळाकडे आणि दुसरे सेवा केंद्रातल्या संगणकाच्या पडद्याकडे. सोयाबीन वीतभर वर आलेले असते, हळद नुकती कोंबावर असते आणि पीकविम्याची मुदत संपायला चार दिवस उरलेले असतात. सेनगाव असो, कळमनुरी असो, औंढा असो, वसमत असो की खुद्द हिंगोली, केंद्राच्या दारात सकाळपासून रांग असते. हातात सातबारा, आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि पेरणीचे स्वयंघोषणापत्र. आणि अकरा-साडेअकराच्या सुमारास आतून आवाज येतो, "सर्व्हर डाऊन आहे, थांबा जरा."

हे दोन इंग्रजी शब्द आता मराठी झाले आहेत. 'लोडशेडिंग' हा शब्द जसा आजीबाईंच्या तोंडी रुळला, तसाच हाही. सर्व्हर म्हणजे काय, तो कुठे असतो, तो डाऊन होतो म्हणजे नेमके काय होते, हे कुणी विचारत नाही. विचारून उपयोग नाही हे अनुभवाने कळलेले असते. पाऊस का आला नाही, हे आपण तलाठ्याला विचारतो का? तसेच हे. आपल्या जुन्या कागदपत्रांत संकटांचे दोनच प्रकार सांगितले आहेत, अस्मानी आणि सुलतानी. अस्मानी म्हणजे ज्याचा जाब कुणाला विचारता येत नाही ते. सुलतानी म्हणजे ज्यामागे कुणाचे तरी करणे किंवा न करणे आहे ते. गेल्या काही वर्षांत आपण सर्व्हरला गुपचूप अस्मानीच्या रकान्यात टाकून दिले आहे. ते बरोबर आहे का, एवढाच आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

योगायोग असा, की याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि ६ एप्रिल २०२३ रोजी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजांत प्रोटॉनच्या रुंदीच्या सहस्रांशाहूनही कमी फरक मोजला जाईल. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, त्याचा कंप जिथे टिपायचा, त्याच जिल्ह्यात अर्ज भरताना यंत्र का गुदमरते, हे आपल्याला कळू नये, ही परिस्थिती काही समाधानाची नाही.

वर्ष २०१७ चा धडा

वाचकांना २०१७ चा उन्हाळा आणि पावसाळा आठवत असेल. शेतकऱ्यांच्या संपानंतर राज्य सरकारने २४ जून २०१७ रोजी ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. दीड लाखापर्यंतचे थकीत कर्ज माफ होणार होते. अर्ज मात्र ऑनलाइन भरायचा होता. त्याच सुमारास खरिपाच्या पीकविम्याची ३१ जुलैची मुदत आली. मराठवाड्यात बँकांपुढे आणि केंद्रांपुढे न भूतो अशी गर्दी उसळली. गावोगावच्या लोकांची ओळखीची स्टेट बँक ऑफ हैदराबाद त्याच वर्षी १ एप्रिलला स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झालेली. शाखांवरच्या पाट्या बदलून पुरते चार महिनेही झाले नव्हते. पीकविम्याची मुदत वाढवावी लागली आणि काही काळ कागदी अर्जही घ्यावे लागले. कर्जमाफीच्या अर्जांची १५ सप्टेंबरची मुदतही पुढे ढकलावी लागली. दिवाळीच्या तोंडावर, १८ ऑक्टोबरला, प्रमाणपत्रांचे वाटप झाले, पण याद्यांतल्या घोळामुळे कित्येकांच्या खात्यात रक्कम पडायला बराच काळ गेला.

त्यानंतर हा जणू वार्षिक रिवाजच झाला. २०२३ मध्ये एक रुपयात पीकविम्याची योजना आली, तेव्हा ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढली. २०२४ मध्ये १५ जुलैची ३१ जुलै झाली. ती एक रुपयाची योजना २०२५ मध्ये बंद झाली, मुदतवाढीची प्रथा मात्र चालूच राहिली.

गर्दीच्या दिवशी यंत्रणा बंद पडते ती अनेक कारणांनी. कधी तारेतून येणारी वाट अरुंद पडते. कधी माहितीचे कोठार, म्हणजे डेटाबेस, एकाच नोंदीवर अडकून बसते. कधी दुसऱ्या खात्याचे यंत्र वेळेवर उत्तर देत नाही. आणि कधी, सर्व्हरची काम करण्याची स्मृती, ज्याला आपण मेमरी म्हणतो, ती संपते. खिडकीवरच्या माणसाला या सगळ्या आजारांसाठी एकच शब्द दिलेला आहे. म्हणून यातला शेवटचा आजार आपण नीट समजून घेऊ. एका आजाराची नाडी सापडली, की बाकीच्यांबद्दलही योग्य प्रश्न विचारता येतात.

टेबल आणि रेकॉर्ड रूम

ज्यांनी जुन्या बँकेची शाखा पाहिली आहे त्यांना हे समजायला अवघड नाही. क्लार्कच्या पुढ्यात एक टेबल असे आणि मागे रेकॉर्ड रूम. रेकॉर्ड रूममध्ये हजारो लेजरे मावत, टेबलावर मात्र एका वेळी पाच-सहाच उघडता येत. काम टेबलावर होई, साठवण मागे. संगणकाचेही तसेच आहे. मेमरी म्हणजे टेबल, डिस्क म्हणजे रेकॉर्ड रूम. डिस्क कितीही मोठी असली, तरी ज्या अर्जावर या क्षणी काम चालू आहे त्याला टेबलावरच जागा लागते.

आणि या टेबलाची वाटणी करणारा एक व्यवस्थापक असतो. बहुतेक मोठ्या सर्व्हरवर तो युनिक्स घराण्यातला असतो. युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून झाला. पुढे पीडीपी-११ या यंत्रावर ती आली तेव्हा त्या यंत्राची मेमरी होती सारी २४ किलोबाइट. त्यातली १६ युनिक्स स्वतःसाठी वापरी आणि वापरणाऱ्यांच्या कामाला उरत ८. आजच्या पद्धतीत देवनागरीच्या एका खुणेला तीन बाइट लागतात. म्हणजे वाचक आता वाचत असलेला हा लेख त्या यंत्रात मावलाच नसता. इतक्या चिंचोळ्या जागेत ज्यांनी संसार थाटला, त्यांनी जागेचा हिशेब काटेकोर ठेवला यात नवल नाही.

भारतात ही युनिक्स आली ती बऱ्याच अंशी बँकांच्या दारातून. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांचे १९८४ आणि १९८९ चे अहवाल हे आमच्या पिढीच्या बँक कर्मचाऱ्यांच्या आयुष्यातले वळण. शाखाशाखांत आलेल्या यंत्रांवर युनिक्स किंवा तिचीच धाकटी बहीण झेनिक्स असे. नोकऱ्या जाणार म्हणून मोर्चे निघाले, वाटाघाटी झाल्या, आणि हळूहळू लेजरांवर धूळ बसू लागली. पुढे शाखेतले यंत्रही गेले आणि सगळ्या शाखा एका दूरच्या केंद्राला जोडल्या गेल्या. १९९१ मध्ये लिनस टॉर्व्हाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने युनिक्सच्याच धर्तीवर लिनक्स लिहायला घेतले. आज जगातले बहुसंख्य सर्व्हर त्यावर चालतात.

न दिलेल्या जागेचे वचन

आता गंमत पाहा. कोणताही कार्यक्रम सुरू झाला की तो व्यवस्थापकाकडे जागा मागतो, आणि सहसा लागणार असते त्याहून जास्त मागतो. काही युनिक्स यंत्रणा करड्या असतात. आहे तेवढीच जागा त्या कबूल करतात, संपली की "जागा नाही" असे तोंडावर सांगतात. लिनक्स मात्र सहसा उदार असते. मागतील त्यांना ती हो म्हणते, कारण सगळे जण सगळी जागा एकाच वेळी वापरणार नाहीत, हा तिचा अनुभव असतो.

बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे ऐकून हसू येईल, कारण बँकही नेमकी याच भरवशावर चालते. ठेवी शंभरांच्या असतात आणि गल्ल्यात रोकड थोडीच असते. बाकी कर्जाऊ दिलेली असते. सगळे ठेवीदार एकाच दिवशी दारात येणार नाहीत, हा त्या धंद्याचा पाया. यात लबाडी नाही, हिशेब आहे. पण ज्या दिवशी अफवा पसरते आणि सगळेच येतात, त्या दिवशी सुदृढ बँकही बसते. सरकारी योजनेची शेवटची तारीख ही सर्व्हरसाठी असाच दिवस असतो. फरक एवढाच, की बँकेवरची झुंबड अफवेने येते, आणि ही झुंबड सरकार स्वतः तारीख जाहीर करून बोलावते.

मग काय होते? टेबल भरले, की व्यवस्थापक कमी लागणाऱ्या वह्या मागे डिस्कवर नेऊन ठेवतो. याला स्वॅप म्हणतात. थोडे असेल तोवर ठीक. पण गर्दी वाढली, की आत्ता मागे नेलेली वही पुढच्याच क्षणी लागते. मग ती आणा, दुसरी न्या. शिपाई दिवसभर रेकॉर्ड रूम ते टेबल अशा चकरा मारतो आणि एकही व्हाउचर पास होत नाही. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहते, ते बहुधा अशा वेळी. यंत्र बंद नसते. ते भयंकर कामात असते, पण ते काम कुणाच्या उपयोगाचे नसते.

आणि जेव्हा तिथेही जागा उरत नाही, तेव्हा लिनक्स एक कठोर निर्णय घेते. चालू कामांपैकी एकाचा बळी देऊन जागा मोकळी करते. बळी निवडण्याचा तिचा मुख्य निकष असा, की सर्वाधिक जागा कुणी अडवली आहे. पण सर्वाधिक जागा पुष्कळदा सर्वाधिक काम करणाऱ्याकडेच असते. डेटाबेस, म्हणजे शाखेतला हेडकॅशियरच, उचलून बाहेर काढला जातो! नोंदवहीत एक ओळ उमटते, "आउट ऑफ मेमरी", आणि कुणा कार्यक्रमाचा क्रमांक. सेनगावच्या केंद्रात त्या क्षणी ज्याचा अर्ज तीन चतुर्थांश भरून झाला होता, त्याच्यापर्यंत यातले फक्त दोन शब्द पोचतात. ते कोणते, हे वर सांगितलेच आहे.

गर्दी की गळती?

इथपर्यंत आपण गर्दीबद्दल बोललो. पण मेमरी संपण्याचे दुसरेही एक कारण असते, आणि दुखणे शोधणाऱ्याची खरी परीक्षा या दोहोंतला फरक ओळखण्यात आहे. ते कारण म्हणजे गळती. कार्यक्रमाने जागा मागितली, काम उरकले, आणि जागा परतच केली नाही. प्रत्येक वेळी चिमूटभर. बँकेत सस्पेन्स खात्याचे असेच असते. आज एक नोंद तात्पुरती तिथे टाकली, उद्या दुसरी, आणि मिटवायची कुणालाच आठवण राहिली नाही. वर्षअखेरीस तपासनीस येतो तेव्हा त्या खात्याचे वारूळ झालेले असते.

याचे जगातले एक दारुण उदाहरण लंडनचे आहे. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने संगणकीय नियंत्रण पूर्णपणे सुरू केले आणि दोन दिवसांतच गोंधळ उडाला. अर्धवट माघार घेऊन काम चालू राहिले. मग ४ नोव्हेंबरच्या पहाटे दोनच्या सुमारास यंत्रणा पूर्ण ठप्प झाली आणि कर्मचारी कागदावर आले. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी एका प्रोग्रामरने केलेल्या बदलात एक तुकडा मागे राहिला होता. दर रुग्णवाहिका पाठवताना तो सर्व्हरची थोडी मेमरी अडवून ठेवी आणि सोडत नसे. तीन आठवड्यांत ती सगळी संपली. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण तिथे चौकशी झाली आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. अहवालाने त्या एका तुकड्यावर खापर फोडून हात झटकले नाहीत. घाईने दिलेले कंत्राट, अपुरी चाचणी, कर्मचाऱ्यांना न दिलेले प्रशिक्षण, हे सगळे त्यात आले. त्या शहराने यंत्राची चूक यंत्रावर सोडून दिली नाही, ही त्यातली मुख्य गोष्ट.

दुसरे उदाहरण पृथ्वीबाहेरचे. जानेवारी २००४ मध्ये 'नासा'ची 'स्पिरिट' ही गाडी मंगळावर उतरली. अठरा-एकोणीस दिवस झाले आणि ती नीट बोलेनाशी झाली. साठांहून अधिक वेळा ती आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाली. कारण असे निघाले, की तिच्या साठवणीत फायली फार साचल्या होत्या. सुरू होताना त्या सगळ्यांची यादी ती मेमरीत मांडू पाही, जागा पुरत नसे आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी तिला साठवणीकडे न पाहता सुरू व्हायला सांगितले, जुन्या फायली पुसल्या आणि गाडी ताळ्यावर आणली. नव्वद दिवसांसाठी पाठवलेली ती गाडी पुढे २०१० पर्यंत काम करत होती. बंद करून पुन्हा चालू करणे हा उपाय नव्हे, हे मंगळावरून कळलेले सत्य आहे. ती स्वतःच ते साठ वेळा करून चुकली होती!

दुखणे कसे शोधतात

जाणता माणूस अशा वेळी काय करतो? पहिली गोष्ट, तो घाईने यंत्र बंद करत नाही. बंद केले की पुरावा जातो. तो आधी यंत्राची नोंदवही वाचतो. शब्द कोणते आहेत आणि वेळ कोणती आहे? कारण "जागा नाही" याचे अर्थ दोन असू शकतात. खरेच टेबल भरले, किंवा त्या एका कार्यक्रमाला ठरवून दिलेला कोटा भरला. पहिल्यात टेबल मोठे हवे, दुसऱ्यात एक आकडा बदलला की पुरते.

दुसरी गोष्ट, तो वरवरच्या आकड्याला भुलत नाही. युनिक्सचा नवशिका मोकळ्या जागेचा आकडा छोटा पाहून घाबरतो. पण त्यातली बरीच जागा हाताशी असाव्यात म्हणून उघड्या ठेवलेल्या वह्यांची असते. गरज पडली की त्या क्षणात बाजूला होतात. रिकामे टेबल हे काही कार्यक्षम शाखेचे लक्षण नव्हे.

तिसरी गोष्ट, तो दिवसभराचा आलेख मांडतो. दुपारी गर्दीबरोबर मेमरी चढली आणि रात्री शांततेत उतरली, तर ती गर्दी. रात्री रांग नसतानाही उतरली नाही, आणि दुसऱ्या दिवशी कालच्या उंचीवरूनच चढू लागली, तर ती गळती. गर्दीवर उपाय व्यवस्थापनाचा आहे. एका वेळी किती जणांना आत घ्यायचे याला मर्यादा घाला, बाकीच्यांना बाहेर सन्मानाने बसवा. गळतीवर उपाय दुरुस्तीचा आहे. ज्याने कार्यक्रम लिहिला त्याला बोलावून घ्या. गळतीच्या यंत्राला नुसती जादा मेमरी देणे म्हणजे फुटक्या रांजणाला मोठा रांजण जोडणे. चार दिवस जास्त टिकेल, इतकेच.

आणि चौथी गोष्ट, सर्वांत महत्त्वाची. हे सगळे तो मुदतीच्या शेवटच्या दिवशी नव्हे, तर आधी करतो. लाखभर खोटे अर्ज सोडून पाहतो आणि यंत्र कुठे मोडते हे शोधतो. धरणाच्या दारांची तपासणी आपण पावसाळ्याआधी करतो, पूर आल्यावर नव्हे.

यातले काहीही गुप्त शास्त्र नाही. हिंगोलीतून अभियांत्रिकी शिकायला बाहेर पडलेली कितीतरी मुले पुण्यात आणि बंगळुरात नेमके हेच काम करतात, आणि परदेशी बँकांची यंत्रे रात्रभर जागून सांभाळतात. ज्ञान आपल्या घरात आहे. ते आपल्याच रांगेसाठी वापरले जात नाही, हे दुखणे आहे.

टोकनाचे शहाणपण

जुन्या बँकेत पितळी टोकन मिळे. चेक दिला की हातात नंबर. मग बाकावर बसा, पेपर वाचा, नंबर पुकारला की उठा. त्या टोकनात दोन गोष्टी होत्या. आत एका वेळी एकच माणूस, आणि बाहेरच्याला आपण नोंदले गेलो आहोत याची हमी. आपल्या पोर्टलांनी पहिली गोष्टही घेतली नाही आणि दुसरीही.

गर्दी विभागणे किती सोपे असते, हे रेल्वेने दाखवले आहे. तत्काळ तिकिटांसाठी सकाळी दहाला सारा देश एकदम तुटून पडे. जून २०१५ पासून वातानुकूलित डब्यांसाठी दहा आणि साध्या डब्यांसाठी अकरा अशा दोन वेळा केल्या. एक साधा वेळापत्रकाचा निर्णय! हिंगोली जिल्ह्यात तालुके पाच आहेत. तालुक्यांना, किंवा सातबाऱ्यावरच्या गट क्रमांकाच्या शेवटच्या अंकाला, दिवस वाटून द्यायला कोणते तंत्रज्ञान लागते?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. यंत्र कितीही चांगले केले तरी कधीतरी ते पडणारच. प्रश्न असा, की ते पडल्याची किंमत कुणी मोजायची? बँकांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर देशाने दिलेले आहे. एटीएममधून पैसे आले नाहीत आणि खात्यातून मात्र गेले, तर ते परत जमा करण्याला रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने पाच दिवसांची मर्यादा घातली. त्यानंतर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता. डिसेंबर २०२० मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या खाजगी बँकेची, एचडीएफसी बँकेची, सेवा वारंवार बंद पडते म्हणून रिझर्व्ह बँकेने तिच्या नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डे रोखली. ते निर्बंध पूर्णपणे उठायला मार्च २०२२ उजाडला. तिथे कुणी 'सर्व्हर डाऊन'ला दैवी कोप मानले नाही.

सरकारी पोर्टलांवर अशी रिझर्व्ह बँक कोण? कायद्यात तत्त्व मात्र जुनेच आहे. १८९७ च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाचे, म्हणजे जनरल क्लॉजेस ॲक्टचे, दहावे कलम सांगते, की मुदतीच्या शेवटच्या दिवशी कार्यालय बंद असेल, तर ते उघडेल त्या दिवशी केलेले काम मुदतीतच केले असे मानावे. इंग्रजाच्या राज्यातही एवढा न्याय होता. आज ज्या कार्यालयाला भिंती नाहीत, ज्याचे दार म्हणजेच सर्व्हर, तो बंद म्हणजे कार्यालय बंद, हे मान्य करायला काय हरकत आहे?

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ ला आला तेव्हा जुन्या कराची वजावट मागणारा फॉर्म पोर्टलवर भरता न आल्याने अनेक व्यापारी अडकले. ते न्यायालयांत गेले. अखेर जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांसाठी ती खिडकी पुन्हा उघडायला लावली. पाच वर्षे लागली, पण न्याय झाला. व्यापाऱ्यांना वकील करता आले. दोन एकरांवर सोयाबीन काढणाऱ्याने तीन दिवसांची मजुरी बुडवून रांग धरायची आणि शिवाय वकीलही करायचा, ही अपेक्षा कोण करील?

म्हणून मुदतवाढीच्या घोषणांकडे मी संशयाने पाहतो. मुदतवाढ मिळते हे चांगलेच. पण ती शेवटच्या रात्री, मेहरबानी म्हणून मिळते. तोवर घरी परतलेल्या माणसापर्यंत ती पोचेलच असे नाही. ती हक्क म्हणून मिळायला हवी. पोर्टल जितके तास बंद, तितके तास मुदत आपोआप पुढे, इतका सरळ नियम हवा. बंद पडल्याची वेळ यंत्राच्या नोंदवहीत सेकंदासह लिहिलेली असतेच. ती फक्त जनतेला दाखवायची आहे. केंद्रावर आलेल्या प्रत्येकाला तारीख-वेळेची पोच मिळावी, पितळी टोकनासारखी. आणि मोठ्या बंदीनंतर महिन्याभरात, काय संपले, का संपले आणि काय दुरुस्त केले, हे मराठीत दोन पानांत जाहीर व्हावे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम केला. ठरलेल्या मुदतीत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला दंडाची तरतूद त्यात आहे. सेवा देणारे यंत्र असेल, तर तो हक्क पातळ का व्हावा?

या सगळ्यात एक माणूस आपण विसरतो, तो म्हणजे खिडकीच्या आतला. केंद्रचालक हा बहुधा गावातलाच पदवीधर तरुण. दूरच्या यंत्राची मेमरी संपते तेव्हा शिव्या त्याला खाव्या लागतात. काउंटरच्या आत ज्यांनी तीस-पस्तीस वर्षे काढली, त्यांना ही जागा ठाऊक आहे. समोरचा चिडलेला असतो, त्याचे चूक नसते. आपल्या हातात काही नसते, आपलेही चूक नसते. निर्णय ज्याने घेतला तो मात्र दोघांनाही दिसत नाही. 'सर्व्हर डाऊन' या शब्दांची खरी सोय आहे ती या तिसऱ्या माणसाला.

तेव्हा पुढच्या जुलैत तो आवाज आला, की घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने आजोबांबरोबर केंद्रावर जावे आणि आतल्या पोराशी भांडू नये. कृषी अधिकाऱ्यांच्या नावे एक साधा अर्ज लिहावा. अमुक तारखेला, अमुक वेळी आम्ही आलो होतो, यंत्रणा बंद होती. किती वेळ बंद होती आणि कशामुळे, हे कळवावे, आणि तेवढी मुदत मिळावी. अर्जाची पोच घ्यावी. एका अर्जाने काही होणार नाही. पण पाच तालुक्यांतून असे पाचशे अर्ज गेले, तर कुणाला तरी ती नोंदवही उघडून पाहावीच लागेल.